तेरा मिनिटांवर अडकलेलं भांडण

नागपूर,
१८ मे

प्रिय पार्टनर,

फोनवर सांगितलं असतं, पण तू दुसऱ्याच मिनिटाला "हो हो, समजलं" म्हणतोस आणि विषय घरच्यांच्या तब्येतीवर नेतोस. हे मला शेवटपर्यंत सांगायचं आहे, म्हणून पत्र.

कूलरच्या ताट्या बदलायला परवा माळ्यावर चढलो. (पारा ४५ च्या आसपास घुटमळून राहिला आहे. तुम्हा पुणेकरांच्या उकाड्याबद्दल इथे कोणी ऐकून घेणार नाही.) मागच्या वर्षीच्या खसाच्या ताट्यांखाली आपल्या दुकानातल्या सीड्यांची चळत निघाली. सगळ्यात वरचीवर तुझ्या हातचं, मार्करनं: 'एक्सपी एसपी३ + डॉटनेट ३.५ – फायनल. खरंच फायनल.'

२००९ चा उन्हाळा, सीताबर्डीतला तो अर्धा गाळा आणि आपलं ते भांडण आठवलं. मी म्हणायचो, गिऱ्हाईकाची मशीन उभी झाली की डॉटनेट (ज्यावर बाकीचे कित्येक प्रोग्राम चालतात तो मायक्रोसॉफ्टचा पाया) आत असलंच पाहिजे, सगळं विंडोज एक्सपीच्या सीडीतच मिसळू. तू म्हणायचास, विंडोज वेगळं, बाकीचं वेगळं, फोल्डरात शेजारी ठेव आणि शेवटी चालव. आपण एनलाइट, ते विंडोजची सीडी कापून-जोडून बनवायचं सॉफ्टवेअर, घेऊन बसलो. खुद्द एनलाइटलाच चालायला डॉटनेट २.० लागायचं, यावर तू आठवडाभर हसलास. सीडी ७०० एमबीची, एक्सपीचेच जवळपास सहाशे, आणि डॉटनेट ३.५ एसपी१ चा पूर्ण इन्स्टॉलर २३१ एमबी. जागा करायला मी विंडोजमधलं एकेक 'फालतू' उपटत गेलो. त्यातलं एक फालतू प्रिंटर शेअरिंगला लागत होतं, हे गांधीबागेतल्या कापडवाल्यानं ऐन सीझनमध्ये आपल्याला समजावलं. त्याच्या शिव्या तू खाल्ल्यास, मी चहा आणायला गेलो होतो.

आणि ते इन्स्टॉलेशन! पडद्यावर '१३ मिनिटे बाकी' यायचं आणि तिथेच मुक्काम. आत बिचारं डॉटनेट गुपचूप चालत असायचं, पण गिऱ्हाईकाला वाटायचं मशीन मेली. खरं तर आपण काही मिसळलंच नव्हतं रे. एक्सपीमध्ये डॉटनेट सेटअपच्या फाइलींत विरघळत नाही, तो इन्स्टॉलर सेटअपच्या पोटात बसून आपल्या वेळेनं चालतो एवढंच. म्हणजे तू म्हणत होतास तेच, फक्त चुकीच्या वेळी. तेव्हा मी हे कबूल केलं नाही. आता करून राहिलो. लिहून देतोय, जपून ठेव.

पण थांब, पत्र इथे संपत नाही.

नंदनवनकडच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटचं काम आलं. २४ मशीन, इंटरनेट नावापुरतं. सरावाचं जुनं सॉफ्टवेअर डॉटनेट ३.५ मागतं, नवं डॉटनेट ८. विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्त्यांत ४.८ आधीच असतं, पण ३.५ नसतं. 'फीचर चालू करा' म्हटलं की ते नेटवर शोधायला निघतं आणि नेट नसलं की एररचा आकडा तोंडावर मारतं. गंमत अशी की सगळं सामान इन्स्टॉलेशनच्या डिस्कवरच, सोर्सेसमधल्या एसएक्सएस फोल्डरात पडलेलं असतं. काखेत कळसा. डिसमला, विंडोजसोबतच येणाऱ्या त्या कमांडला, तेवढा पत्ता दिला आणि नेटवर जाऊ नको म्हणून सांगितलं की झालं. पत्ता मात्र त्याच बिल्डच्या डिस्कचा हवा. दुसऱ्या आवृत्तीचं एसएक्सएस दाखवलं तर पुन्हा एरर.

२४ वेळा हे कोण करणार? म्हणून इन्स्टॉल डॉट विम, ज्यात अख्खं विंडोज गुंडाळलेलं असतं ती फाइल, डिसमनं एका रिकाम्या फोल्डरात माउंट केली. आत अख्खं विंडोज उघडून दिसतं, चालू न करता. त्यातच ३.५ चालू केलं आणि मगच महिन्याचं अपडेट घातलं. हा क्रम उलटा करू नको. आधी अपडेट आणि नंतर ३.५ घातलं तर ३.५ चे तुकडे जुनेच राहतात आणि अपडेट पुन्हा घालावं लागतं. शेवटी कमिट, म्हणजे बदल जतन, करून अनमाउंट. एक्सपीसारखी फसवणूक नाही यात, विंडोज पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा ३.५ आतच असतं. इथे मी जिंकलो.

जिंकायला तीन रात्री गेल्या, हेही लिहितो, नाहीतर तुला दुसरीकडून कळेल. पहिल्या रात्री सगळं झकास केलं, फक्त पहिल्या इंडेक्सवर. एकाच विममध्ये किती एडिशन असतात तुला ठाऊक आहे. माझ्या आयएसओत (इन्स्टॉलेशनच्या डिस्कच्या फाइलीत) पहिली होम आणि सहावी प्रो, आणि इन्स्टिट्यूटला हवी प्रो. दुसऱ्या रात्री माउंटचं फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडं राहिलं, त्यामुळे अनमाउंट अर्धवट झालं. ते निस्तरत होतो तर वादळ आलं, पाऊस दोन थेंब, लाइन गुल, आणि यूपीएसची बॅटरी मीच जानेवारीपासून "बदलू" म्हणून राहिलेलो. विमची कॉपी ठेवली होती म्हणून वाचलो. तिसऱ्या रात्री जमलं, तर फाइल चार जीबीच्या वर. पेन ड्राइव्ह एफएटी३२, म्हणजे चार जीबीहून मोठी एक फाइल न घेणारा, त्यावर ती मावेना, मग तिचे तुकडे केले. सीडीचे ७०० एमबी गेले, पण मापात कोंबायचं काही सुटलं नाही.

आता डॉटनेट ८. हे विंडोजचं फीचर नाही, वेगळा इन्स्टॉलर आहे, तो विममध्ये चालू करता येत नाही. म्हणून तुझी पद्धत: शेजारी फोल्डरात ठेवला आणि सेटअप संपल्यावर चालणाऱ्या सेटअपकंप्लीट नावाच्या स्क्रिप्टमधून गुपचूप चालवला. पहिल्या आठ मशीनवर सुरेख. पुढच्या सोळांवर काहीच नाही. एरर नाही, लॉग नाही, जणू स्क्रिप्ट लिहिलीच नव्हती. दिवसभर मी माझ्याच कॉमा आणि स्लॅशवर संशय घेत बसलो. मग लक्षात आलं की आठ असेंबल केलेल्या, सोळा कंपनीच्या, कंपनीच्यांच्या बायोसमध्ये ओईएम की, म्हणजे मशीनसोबतच येणारी विंडोजची लायसन्स की. ओईएम कीवर विंडोज ती स्क्रिप्ट चालवतच नाही! मायक्रोसॉफ्टच्या कागदात एका ओळीत लिहिलेलं आहे. ती ओळ मी वाचली नव्हती. अनअटेंड फाइलमध्ये, म्हणजे सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन ठेवणाऱ्या फाइलीत, पहिल्या लॉगिनला चालणारी कमांड टाकली तेव्हा सोळाही सुधरल्या.

तर हिशोब असा: एक्सपीत तू बरोबर, ३.५ मध्ये मी, ८ मध्ये पुन्हा तू. दोन-एक. पण २००९ ला तुझ्याकडे कारण नव्हतं, नुसता हट्ट होता, असं मला अजूनही वाटतं. यावर भांडायला ये. तर्री पोहे माझ्याकडून, तर्री जास्त मागितलीस तर पाणी तुझं तू पी.

ती सीडी लॅपटॉपमध्ये घालून बघणार होतो, पण घरात आता एकालाही ड्राइव्ह नाही. तुझ्याकडे तो बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर असेल तर आणशील. आणि यूपीएसची बॅटरी अजून बदललेली नाही, विचारू नकोस.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग संत्रा बर्फी पाठवतो.

तुझा,
तोच, चहा आणायला गेलेला