संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: वैमानिक हवे असतील, तर शिकवणारी विमाने वेळेवर द्या

मा. संरक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

नवी लढाऊ विमाने घ्यायची म्हटली की देशभर चर्चा झडते. ती उडवणार कोण, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. 'कॅग'च्या (महालेखापरीक्षकांच्या) अहवालानुसार फेब्रुवारी २०१५ मध्ये हवाई दलाला ४८६ वैमानिक कमी पडत होते; २०२१ अखेर हा आकडा ५९६ वर गेला. या काळात वर्षाला २२२ प्रशिक्षणार्थी घ्यायचे ठरले होते, प्रत्यक्ष भरती त्याहून कमीच राहिली.

उमेदवारांची वानवा हे याचे कारण नाही. गाडी अडते ती प्रशिक्षण विमानांपाशी. २००९ च्या अपघातानंतर प्राथमिक प्रशिक्षणाच्या 'दीपक' विमानांचे उड्डाण थांबवले गेले, तेव्हा त्यांची जागा घ्यायला काहीच तयार नव्हते. स्वित्झर्लंडची पिलाटस प्रशिक्षण विमाने येईपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, नवख्या मुलांनी उड्डाणाची बाराखडी 'किरण' या जेटवर गिरवली. हे विमान खरे तर पुढच्या टप्प्याचे, आणि त्याचे पहिले उड्डाण १९६४ सालचे! त्याची जागा घेणाऱ्या 'सितारा'ने २००३ मध्ये पहिली भरारी घेतली. ते अजून हवाई दलात दाखल झालेले नाही.

आता आशा आहे 'एचटीटी-४०' या देशी बनावटीच्या प्राथमिक प्रशिक्षण विमानावर. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा करार झाला, नाशिकला उत्पादनाची दुसरी साखळीही सुरू झाली. पण इंजिनांच्या पुरवठ्याने वेळापत्रक लांबवले. ही विमाने कोणत्या तिमाहीत किती मिळणार, हे आपण संसदेत सांगावे आणि दर अधिवेशनात त्याचा हिशेब द्यावा. तेजसला उशीर झाला की जाब विचारला जातो, तसाच तो इथेही विचारला गेला पाहिजे.

विमानांइतकीच गरज प्रशिक्षकांची आहे. पहिल्या एकल उड्डाणाच्या दिवशी प्रशिक्षक आपल्या रिकाम्या आसनाचे पट्टे घट्ट बांधून खाली उतरतो आणि विशीतल्या मुलाला एकट्याने धावपट्टीवर जाऊ देतो. तो मुलगा तयार झाला आहे, हा निर्णय प्रशिक्षकांचा असतो. असा माणूस घडायला वर्षे लागतात. तांबरमच्या प्रशिक्षक विद्यालयाची क्षमता वाढवा आणि बढतीच्या वेळी प्रशिक्षकपदावरील वर्षांना लढाऊ स्क्वाड्रनमधील वर्षांइतकेच वजन द्या.

आणखी एक विनंती. वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी आज आयुष्यात एकदाच देता येते. अठराव्या वर्षी एका सकाळी हात थरथरला, तर तो मुलगा किंवा मुलगी कायमची बाद होते. मला हे अन्यायाचे वाटते, आणि मनुष्यबळ कमी असताना परवडणारेही नाही. दोन वर्षांनी दुसरी संधी द्यावी. निकष मात्र तसूभरही सैल करू नयेत. घाईने पंख दिले तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

पुढच्या अर्थसंकल्पात प्रशिक्षणासाठी, म्हणजे विमाने, सिम्युलेटर, सुटे भाग आणि प्रशिक्षक यांसाठी, वेगळी तरतूद दाखवावी, ही कळकळीची मागणी.

आपला नम्र,
एक नागरिक