पातेरा जाळू नका म्हणता, तर तो टाकायचा कुठे तेही सांगा

माननीय पंचायतमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

महोदय, सादर नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरून हे पत्र लिहीत आहे. शिगमो जवळ आला की आमच्याकडे अंगण-परस झाडून काढायची घाई सुरू होते. सागवान, फणस, काजू, सगळ्यांचीच पानगळ. सकाळी उठून खराट्याने पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, ओढायचा, कुंपणाशी ढीग करायचा आणि काडी लावायची. सात वाजता अख्ख्या वाड्यावर धूर बसलेला असतो. पहाटेची हवा थंड, वारा पडलेला, त्यामुळे तो वर चढत नाही. मुलं शाळेच्या बसची वाट बघत त्याच धुरात उभी असतात.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. फेब्रुवारी लागला की शिंका, डोळ्यांना खाज आणि रात्री छातीत घरघर. दोन वर्षं मी फुलांना दोष दिला. पिटकोळी, बोगनवेल, मोगरा, दारातली जास्वंद, सगळं बुडापासून छाटलं. सासूबाईंनी नवी नवरी असताना लावलेली पिटकोळी त्यात गेली. त्या काही बोलल्या नाहीत, पण देवाला फुलं काढायला परडी घेऊन बाहेर आल्या आणि तशाच आत गेल्या. मुलाची घरघर होती तशीच राहिली.

मग डॉक्टरांनी समजावलं. रंगीत, वासाची फुलं मधमाश्या-फुलपाखरांना बोलावतात. त्यांचे पराग जड, चिकट. ते फारसे उडत नाहीत. हवेत तरंगतात ते गवताचे आणि वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडांचे. त्या परागांनी, धुळीने श्वासनलिका आधीच सुजलेली असते आणि वरून पाल्याचा धूर जातो. त्यातले बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. त्यानंतर मी महिनाभर वहीत नोंद ठेवली. ज्या दिवशी शेजारी ढीग पेटला, त्या रात्री मुलाला श्वासाचा पंप लागला. रोज नाही, पण बहुतेक वेळा.

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली. साधा कचरा जाळला तर 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000. पण माझ्या शेजारच्या काकींना 5,000 रुपयांची पावती फाडा, असं मी म्हणणार नाही. काकी सत्तरीच्या आहेत आणि त्यांची कारणं खरी आहेत. पातेऱ्यात फुरसं दडतं. ढीग तसाच ठेवला तर मिरगाच्या पहिल्या पावसात गटार तुंबतं. कचऱ्याची गाडी प्लास्टिक नेते, पाला नेत नाही. मग त्यांनी करायचं काय?

आमच्या कुळागरांनी, म्हणजे सुपारी-माडांच्या बागांनी, याचं उत्तर कधीच शोधून ठेवलं आहे. सुपारीच्या बुडाशी, माडाच्या आळ्यात पाला घालतात. ओल टिकते, खतही होतं. मात्र ज्यांच्याकडे चार गुंठे परस आणि दोन फणस आहेत, त्यांना आळी पुरत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक वाड्यावर एक सामाईक खड्डा हवा: पाल्याचा थर, शेणकाल्याचा शिडकावा, वर माती. पालापाचोळा बारीक करणारं यंत्र 191 पंचायतींना एकेक नको. चार-पाच पंचायती मिळून एक फिरतं ठेवलं तरी भागेल. खड्डा निजायच्या खोलीपासून दूर हवा आणि पाला उलटताना नाकाला फडका बांधायला सांगायला हवं, कारण ओल्या पाल्यावरच्या बुरशीचाही काहींना त्रास होतो. ही माहिती पंचायतीच्या फलकावर मराठीत आणि कोंकणीत लावा.

काजूच्या बागा साफ करायला पाला पेटवण्याची पद्धत तर धुरापाशीच थांबत नाही. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या आणि त्या विझवायला नौदलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. त्या आगींचं कारण मी सांगू शकत नाही, पण कडक उन्हात रानाच्या कडेला पेटती काडी किती धोक्याची असते, हे तेव्हा सगळ्या गोव्याने पाहिलं.

आणखी एक. रस्त्याकडेचं गवत पंचायत कापते, पण तुरे येऊन पराग उडाल्यावर. तेच काम तुरे येण्याआधी करता येईल, खर्च तोच.

खाणींच्या टाकाऊ मातीवर आणि माळांवर लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाच्या परागांची ॲलर्जी होते, असं आपल्या देशातल्या अभ्यासांत आढळलं आहे. नवी लागवड करताना वनखात्याशी एवढं बोलून घ्या.

आमच्या वाड्यावरच्या सहा घरांनी यंदा पाला जाळलेला नाही. आमच्या परसाच्या मागची थोडी जागा खड्ड्यासाठी द्यायला आम्ही तयार आहोत, सासूबाईंनीच ती दाखवली. पुढच्या पानगळीआधी पंचायतीकडून ठराव आणि खोदाईला माणसं मिळावीत, एवढी विनंती. छाटलेल्या पिटकोळीला बुडातून तीन धुमारे फुटले आहेत. ते मी राखले आहेत.

आपली,
एक आई, फोंडा तालुका