तारे मोजा, पण युनिटही वाचा

महोदय,

सणासुदीच्या खरेदीत ‘फाइव्ह स्टार आहे ना?’ एवढंच विचारून लोक फ्रीज घेतात. गेल्या आठवड्यात भाचीसोबत दुकानात गेले, तर स्टारच्या लेबलवर नेमकं सवलतीचं स्टिकर चिकटवलेलं! ते काढायला लावलं. कारण खरी माहिती तिथेच असते: वर्षाला किती युनिट वीज लागेल आणि ते लेबल कोणत्या काळासाठी वैध आहे. केंद्र सरकारचं ऊर्जा दक्षता ब्युरो स्टार देण्याचे निकष वेळोवेळी कडक करतं. त्यामुळे गोदामात पडून राहिलेला जुना पाच स्टारचा फ्रीज आजच्या निकषांवर कमी स्टारचा ठरू शकतो. शिवाय तुलना सारख्या आकाराच्या फ्रीजशीच करावी. मोठा पाच स्टार फ्रीज लहान तीन स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो, हेही कुणी सांगत नाही.

पंख्याकडे तर कुणाचं लक्षच नसतं. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) साधारण ३०. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात, एका पंख्यामागे! महावितरणच्या बिलात शंभर युनिटांपुढे दर चढतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याची किंमत कळेल.

दुकानदारांनी लेबल झाकू नये, आणि ग्राहक पंचायतीने याकडे लक्ष द्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज