‘मोफत’ शिक्षणाचे ९८ हजार रुपये

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

काल दुपारी माझ्या मुलीने महाविद्यालयाच्या सूचनाफलकाचा फोटो पाठवला. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून अप्राप्त असल्याने खालील विद्यार्थिनींनी शिक्षण शुल्क स्वतः भरावे, अन्यथा त्यांचे परीक्षा अर्ज पुढे पाठवले जाणार नाहीत, असा मजकूर आणि खाली नावांची यादी. तिचे नाव सातवे होते. तिने सोबत एक शब्दही लिहिला नव्हता.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्वीच्या पन्नास टक्क्यांऐवजी शंभर टक्के सवलत मिळाली. त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले होते. शासन निर्णय शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेढे आणू नयेत, एवढे शहाणपण मला आता आले आहे.

तालुक्याच्या गावी माझे झेरॉक्सचे दुकान आहे आणि महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचे अर्ज भरून देणे हाच माझा निम्मा धंदा आहे. आधार बँकेला जोडलेले नाही, उत्पन्नाच्या दाखल्यावर आडनावाची वेलांटी चुकली, महाविद्यालयाच्या लॉगिनमधून अर्ज पुढे सरकला नाही, अशा कारणांनी रडवेली झालेली मुले मी रोज पाहतो आणि त्यांना धीर देतो. माझ्या स्वतःच्या मुलीच्या अर्जापुढे मात्र सात महिने ‘अंडर स्क्रुटिनी’, म्हणजे छाननी सुरू, हेच दोन शब्द आहेत आणि तिला काय सांगावे हे मला सुचत नाही.

प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाने आमच्याकडून पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र लिहून घेतले, की शासनाने पैसे न दिल्यास ते आम्ही देऊ. शासनाच्या वचनाला जामीन म्हणून एक झेरॉक्सवाला! शिक्षण शुल्क ९८ हजार. एक प्रत दोन रुपयांना, म्हणजे कागद, शाई आणि वीज फुकट मिळाली असे धरले तरी एकोणपन्नास हजार प्रती काढाव्या लागतील. विकास शुल्काचे १४ हजार या सवलतीत बसतच नसल्यामुळे ते आम्ही पहिल्याच दिवशी भरले होते. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे वेगळे, त्यासाठी पत्नी रात्री अकरापर्यंत ब्लाऊज शिवते आणि तिच्या डोळ्यांचा नंबर दोन वर्षांत दोनदा बदलला. हे आपल्याला सांगायचे नव्हते, पण फायलीत ते कुठेच येत नाही म्हणून लिहिले.

महाविद्यालयाच्या लिपिकाला दोष द्यावा, तर तोही म्हणतो की त्याचा पगार चार महिने थकला आहे. एकाने जाहीर करायचे, दुसऱ्याने थकवायचे, तिसऱ्याने अडवायचे आणि भरायचे मात्र चौथ्याने, अशी ही रचना आहे आणि ती आजची नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले. पुढे देणग्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा १९८७ मध्ये कॅपिटेशन शुल्कबंदीचा कायदा आला आणि २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. हे प्राधिकरण संस्थेने दाखवलेल्या खर्चावरून शुल्क ठरवते. खर्च जितका मोठा तितके शुल्क मोठे, मग खर्च कमी दाखवण्याची दुर्बुद्धी कोणत्या संस्थाचालकाला होईल? खासगी विद्यापीठांत आणि खासगी अभिमत विद्यापीठांत तर ही सवलतच लागू नाही. माझ्या मुलाला, तो मुलगा असल्यामुळे, निम्मीच सवलत मिळेल. म्हणजे पुढच्या वर्षी माझ्या घरातल्या दोन मुलांपैकी कोणाला शिकवायचे हा प्रश्न मला पडणार आहे, आणि मुलीसाठी आलेल्या योजनेमुळे भाऊ-बहिणीचा हिशोब मांडायची वेळ यावी यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तक्रार मांडली होती, की कष्टकऱ्यांकडून गोळा होणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. तेव्हा सरकार परके होते, एवढी तरी समजूत घालून घेता येत होती. माझ्या दुकानातल्या कागदाच्या रिमवरही मी कर भरतो, महोदय, आणि दुकानाचा कर भरायला एक महिना उशीर झाला तर मला व्याज आणि विलंब शुल्क दोन्ही लागते. शासनाला सात महिन्यांच्या उशिराचे काय लागते?

माझी मागणी फार मोठी नाही. शासनाने महाविद्यालयाला द्यायची शुल्काची रक्कम थकली म्हणून विद्यार्थिनीचा परीक्षा अर्ज अडवता येणार नाही, असा स्पष्ट आदेश निघावा आणि तो मोडणाऱ्यावर कारवाई व्हावी. त्या रकमेच्या हप्त्याची तारीख शासनाने आधी जाहीर करावी आणि ती चुकली तर महाविद्यालयाला होणारे नुकसान शासनाने सोसावे, पालकाने नव्हे. ते हमीपत्रही परत मिळावे, मुद्रांकाचे पाचशे रुपये बुडाले तरी चालतील.

परीक्षा अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार आहे. दुकानातल्या दोन मशिनांपैकी नवे मशीन पाहायला गुरुवारी सकाळी गिऱ्हाईक येणार आहे. त्याआधी आपले उत्तर आले तर मी त्याला परत पाठवीन.

आपला,
एक पालक