पटावरच्या मुलींचा टक्का: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: प्राथमिक शाळांतील मुलींच्या टक्क्याची मोजणी

महोदय,

1950-51 साली देशातल्या प्राथमिक शाळांच्या पटावर 1 कोटी 92 लाख मुले होती आणि त्यांत मुली 54 लाख, म्हणजे शंभरात 28. वीस वर्षांत हा टक्का 37 च्या पुढे गेला. नंतरच्या दहा वर्षांत मात्र तो जेमतेम एकाने सरकला. 1990-91 ला 41.5, 2000-01 ला 44 च्या आसपास आणि आता 48 च्या घरात. ही वाढ खरी आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण आढावा बैठकीत हा एकच आकडा पुढे ठेवून जिल्ह्यांना शाबासकी किंवा कानपिचक्या दिल्या जातात, तिथे गफलत होते.

पहिली गोष्ट, उद्दिष्ट 50 धरणेच चूक. 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. एकूण एक मूल शाळेत आले तरी मुलींचा टक्का 47.2 च भरणार. बीडमध्ये हे प्रमाण 807 होते, म्हणजे तिथे पटावर 44.7 टक्के मुली असल्या तर प्रवेशात भेदभाव नाही. जो झाला तो जन्माआधीच. उलट गडचिरोलीत हजारामागे सुमारे 960 मुली. तिथे कुणी 47 टक्के दाखवले तर ते राज्याच्या सरासरीजवळ म्हणून खपून जाते, पण मुलग्यांच्या संख्येशी ताडले तर शंभर मुलींमागे सात-आठ शाळेबाहेर आहेत. 2021 ची जनगणना झाली नाही आणि 2011 ची मुले केव्हाच प्राथमिक ओलांडून गेली. म्हणून पहिलीचा पट सहा वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदणीशी, तालुकावार ताडून पाहावा. दोन्ही नोंदी सरकारच्याच दप्तरी आहेत.

दुसरी गोष्ट तारखेची. यू-डायसची (देशभरच्या शाळांची सरकारी नोंद) माहिती आणि संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदांची मंजुरी) दोन्ही 30 सप्टेंबरच्या पटावर उभ्या आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. मोजणी होते तेव्हा मुलगी वर्गात असते, आणि महिनाभरात कारखान्याच्या तळावर कोपीत (पाचटाच्या झोपडीत) धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली असते. आईबाप दोघे मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीच्या हिशेबात एक जोडी. घर राखायला उरते ती आठ-दहा वर्षांची पोरगी. पटावरून तिचे नाव कमी करायला मुख्याध्यापक धजत नाहीत, कारण पट घसरला की शिक्षकाचे पद जाते. 2011 च्या ऑक्टोबरमधल्या तीन दिवसांच्या पटपडताळणीने पट आणि हजेरी यांतले अंतर उघड केले होते. तशी धडक मोहीम पुन्हा नको. दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, गाळप ऐन भरात असताना, शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखाने हजेरीपटावरून मुलगा-मुलगी वेगळी मोजावीत एवढे पुरे. मात्र त्या आकड्याचा संचमान्यतेशी संबंध नसल्याचे लेखी कळवा, नाहीतर तोही फुगेल.

ऊसतोड कामगारांच्या मुलांना हंगामात गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांचे दुखणे वेळापत्रकाचे आहे. टोळ्या निघून गेल्यावर मंजुरी हातात पडली तर तिचा उपयोग नाही. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतली जाते, म्हणजे कोणते कुटुंब जाणार हे गावाला तेव्हाच ठाऊक असते. सर्वेक्षण ऑगस्टमध्ये, मंजुरी सप्टेंबरअखेर आणि टोळी निघण्याच्या आधीच्या आठवड्यात जेवण सुरू, हा क्रम हवा. मुलगी आजीकडे राहणार की वसतिगृहात, याची नोंदही वेगळी ठेवा. आजी आजारी पडली की नात शाळेतून जाते. आणि स्थलांतरित मुलाला नव्या गावी शाळेत घ्यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी पत्रक नुसते पालकाच्या हाती देऊन भागत नाही. ज्या गावाच्या शिवारात टोळी उतरते तिथल्या शाळेला ते आधी कळले पाहिजे.

आणखी एक फसवा आकडा. काही जिल्हा परिषद शाळांत मुली निम्म्याहून अधिक दिसतात आणि त्याचे कौतुक होते. बऱ्याचदा मुली वाढलेल्या नसतात, मुलगे फी भरून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेले असतात. व्यवस्थापननिहाय (सरकारी, खासगी असा वेगवेगळा) तक्ता शेजारी ठेवल्याशिवाय हा टक्का वाचूच नये.

शेवटी पैशाचे. दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना 1992 मध्ये उपस्थिती भत्ता सुरू झाला: हजेरीच्या दिवसाला 1 रुपया, वर्षाला फार तर 220. पुढची तीस वर्षे तो रुपयाच राहिला. त्या 220 रुपयांसाठी बँकेत खाते, आधारजोडणी आणि आईची एक मजुरी बुडवून तालुक्याला खेप. भत्ता द्यायचा असेल तर दर बदला आणि त्याचा पहिला हप्ता जानेवारीच्या मोजणीत वर्गात सापडलेल्या मुलींना द्या.

आपले,
प्राथमिक शिक्षणाच्या आकडेवारीवर काम करणारे आम्ही काही जण