स्पीडवेला जुगार म्हणू नये

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडापानावर नुकताच स्पीडवे या मोटारसायकल शर्यतीविषयी आलेला मजकूर वाचला. गाडीला ब्रेक नसतो एवढ्यावरून त्यात या खेळाला ‘जिवाचा जुगार’ म्हटले होते. हा शब्द मला फार खटकला.

स्पीडवेच्या ५०० सीसी गाडीला ब्रेक नसतो आणि गिअरही एकच असतो, हे खरेच आहे. परंतु चार स्वार मातीच्या ट्रॅकवर एकमेकांना खेटून चार फेऱ्या घालत असताना पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, तर मागच्याला वाचायला जागाच उरणार नाही. वेग आवरायचा तो थ्रॉटलने, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने, आणि मागचे चाक बाहेर घसरू देऊन; डावीकडच्या वळणावर पुढचे चाक उजवीकडे वळवलेले असते आणि पोलादी तळ चढवलेला डावा बूट मातीवर टेकलेला असतो.

पोटापाण्याचे गणितही पाहावे. क्लबकडून मिळणारे पैसे बव्हंशी मिळवलेल्या गुणांवर ठरतात, गाड्यांचा आणि मेकॅनिकचा खर्च स्वाराने स्वतः सोसायचा असतो, आणि हाड मोडले की कमाई थांबते. अशा धंद्यात बेपर्वा माणूस फार काळ टिकत नाही.

न्यूझीलंडचे स्पीडवे स्वार आयव्हन मेजर यांचेच पाहा. ते १९५७ मध्ये सतराव्या वर्षी इंग्लंडला गेले, पण विम्बल्डन क्लबात त्यांचा जम बसला नाही आणि त्यांना मायदेशी परतावे लागले. १९६३ मध्ये न्यूकॅसल क्लबकडून खेळण्यासाठी ते पुन्हा तिकडे गेले, आणि पुढे १९६८, १९६९ व १९७० असे सलग तीनदा, नंतर १९७२, १९७७ आणि १९७९ मध्ये जगज्जेते झाले. त्या काळी जगज्जेतेपद एकाच दिवसाच्या अंतिम स्पर्धेत ठरत असे. सोळा स्वार, प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती, पहिल्याला तीन गुण. एक सुरुवात चुकली तरी वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकत होती. पोलंडमधील खोझुफ येथे सहावे विजेतेपद मिळवताना ते ३९ वर्षांचे होते. पहिल्या आणि शेवटच्या विजेतेपदात ११ वर्षांचे अंतर राखणाऱ्या या माणसाला जुगारी कसे म्हणावे?

या खेळातला धोका मी नाकारत नाही. ऑस्ट्रेलियाचा गुणी स्वार डार्सी वॉर्ड २०१५ मध्ये पोलंडमधील एका शर्यतीत पडला, मणक्याला इजा झाली आणि तेविसाव्या वर्षीच त्याची कारकीर्द संपली. ती बातमी आठवली की आजही मन विषण्ण होते. परंतु अपघात झाला तरच या स्वारांची दखल घ्यायची, हे मला अन्यायाचे वाटते. पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिक यांनी २०२५ मध्ये सहावे जगज्जेतेपद मिळवून मेजर यांच्या विक्रमाशी बरोबरी केली, त्याविषयी मात्र आपल्या पानावर एक ओळही मला दिसली नाही. त्यांच्या कारकिर्दीवर सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक, सातारा