बाबांची शुगर आणि आपल्या आशाताई

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

पुण्याला सुखरूप पोचले. बसमध्ये मात्र डोळा लागला नाही. परवाची दुपारच समोर येत राहिली. बाबा, ओसरीवर तुम्ही घामानं निथळत होता, हात थरथरत होते. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई धावत आल्या आणि म्हणाल्या, "शुगर चढली असणार, गोड काही देऊ नका." मशीनवर बघितलं तर 54! चढली कुठली, पार उतरली होती. आईनं साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा पाऊण तासानं तुम्ही नीट बोलायला लागलात.

आई, ताईंवर राग धरू नकोस. मी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसले होते. 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचा आजाराचा धोका बघायचा फॉर्म भरायचा, टेपनं कंबर मोजायची, फॉर्मवरचे गुण 4 च्या वर गेले की उपकेंद्रावर तपासणीला धाडायचं, यात त्या पक्क्या आहेत. वर कन्नडमधलं "सक्करे कायिले" म्हणजे मधुमेह, हे आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मराठीत समजावतात, तेही त्याच. पण शुगर 70 च्या खाली गेली तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. शुगर म्हणजे वाढणारच, एवढंच कानावर पडलेलं. मी सांगत गेले आणि त्या वहीत उतरवत गेल्या: तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. मला भरून आलं. बाळंतपणं, लसी, सर्वे, सगळं त्यांच्याच अंगावर, आणि तरी ही ओढ!

बाबा, आता तुमचं. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन नुसत्या चहावर खाचरात जायचं नाही. परवा तेच झालं. सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी हवीच. आणि तळव्याला खडा रुतला तरी कळत नाही म्हणालात, ते मला फार लागलं. शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात, जखम झाली तरी दुखत नाही, आणि तीच चिघळते. चिखलातून आलात की पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. आईनं उजेडात तळवे बघायचे. ताई आल्या की त्यांनाही दाखवा, संकोच करू नका. त्यांनी वहीत पायांचंही पान केलंय.

दिवाळीला येताना मशीनच्या पट्ट्यांच्या दोन डब्या आणते. एक तुमची, एक ताईंची.

तुमची,
लेक